अस्तर तयार आहे का?

आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, भ्रूण गर्भाशयात सोडतात त्याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. त्याच्या आधीच्या स्कॅनला, म्हणजे सोनोग्राफीला, आलेल्या बाईचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो, "मॅडम, किती आलं?" सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे आत घालायची दांडी, अजून नीट बसलेला नसतो, गर्भाशय पुढे झुकलंय की मागे हे मी अजून बघतच असते, आणि तिला आकडा हवा असतो. तिचं बरोबरच आहे. दहा-बारा दिवस ती घड्याळ लावून अस्तर वाढवायच्या हॉर्मोनच्या गोळ्या घेत आलेली असते, कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं की गर्भाशयाच्या अस्तराची जाडी आठ मिलिमीटर पाहिजे, सातच्या खाली गेलं की सायकल, म्हणजे त्या महिन्याचा उपचार, कॅन्सल, आणि तिकडे लॅबमध्ये तिचे भ्रूण, कधी तीन कधी एकुलता एक, लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशावर ठेवलेले असतात. अशा वेळी "थांबा जरा, बघू दे" एवढंच म्हणायचं म्हणजे मलाही जड जातं.

मी हे स्कॅन रोज करते, आणि बघता बघता माझं एक मत पक्कं होत गेलंय. ट्रान्सफरच्या आधीचं स्कॅन गर्भ राहील का हे सांगत नाही. आत्ता, या महिन्यात, भ्रूण आत सोडायला काही आडकाठी आहे का, एवढंच ते सांगतं, आणि हे मात्र ते फार चांगलं सांगतं. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की बाईचं मन विनाकारण दुखतं आणि डॉक्टरचाही निर्णय चुकू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो आकडा म्हणजे नक्की काय ते बघू. गर्भाशयाच्या आतली पोकळी आपल्याला वाटते तशी फुग्यासारखी उघडी नसते, दोन तळहात एकमेकांवर टेकवल्यासारख्या पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटून असतात. दोन्ही भिंतींवर आतून अस्तर असतं, एंडोमेट्रियम. आपण मोजतो ती दोन्ही अस्तरांची मिळून जाडी. त्यासाठी लघवीची पिशवी रिकामी करून योनीमार्गातून प्रोब घालायचा, मग गर्भाशयाचा असा उभा छेद मिळवायचा की ग्रीवेपासून वरच्या टोकापर्यंत मधली रेघ एका फ्रेममध्ये सलग दिसली पाहिजे, आणि मग जिथे अस्तर सगळ्यात जाड आहे तिथे, बहुतेक वेळा वरच्या टोकापासून सेंटीमीटरभर खाली, एका बाहेरच्या पांढऱ्या कडेपासून समोरच्या पांढऱ्या कडेपर्यंत कॅलिपर, म्हणजे पडद्यावरच्या मोजायच्या खुणा, ठेवायचे. अस्तराच्या बाहेर स्नायूचा एक काळसर पट्टा असतो तो घ्यायचा नाही. पोकळीत पाणी असेल तर ते सोडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून बेरीज करायची.

लिहायला सोपं आहे, पण प्रोब जरा तिरका झाला की छेद तिरका होतो आणि अस्तर आहे त्यापेक्षा जाड दिसतं. गर्भाशय सरळ उभं असेल, म्हणजे ना पुढे ना मागे, तर किरण अस्तराला समांतर जातात आणि कडा पुसट होतात. फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची गाठ, असेल तर सावली पडते, अॅडिनोमायोसिस, म्हणजे अस्तराच्या पेशी स्नायूत शिरलेल्या, असेल तर अस्तर कुठे संपतं आणि स्नायू कुठे सुरू होतो हेच कळेनासं होतं. म्हणून मी एकदा मोजून थांबत नाही, छेद सोडते, परत पकडते, परत मोजते. तरीही काल एकीने ७.४ लिहिलं आणि आज दुसरीने ६.८ लिहिलं तर अस्तर रात्रीतून झिजलं असं समजायचं कारण नाही, गर्भाशय तेच आहे, हात वेगळा आहे. दोन अनुभवी माणसांच्या मोजण्यात एखाद्या मिलिमीटरचा फरक पडू शकतो आणि ज्या आकड्यावर आपण रडतो किंवा पेढे वाटायच्या गोष्टी करतो तो फरक कधीकधी तेवढाच असतो.

आता रूप. जाडीइतकंच, माझ्या मते जाडीपेक्षा जास्त, मला रूप बघायचं असतं. पाळी संपल्यावर इस्ट्रोजेन हे हॉर्मोन वाढायला लागतं, मग ते शरीराचं स्वतःचं असो की गोळीचं, आणि अस्तराचा वरचा थर वाढायला लागतो, त्यातल्या ग्रंथी या काळात सरळ नळ्यांसारख्या असतात, त्यामुळे आवाजाच्या लहरी फारशा न अडता पलीकडे जातात आणि तो थर काळसर दिसतो. मध्ये दोन भिंती जिथे भेटतात तिथे एक पांढरी रेघ, बाहेरच्या दोन कडांना दोन पांढऱ्या रेघा, त्यांच्यामध्ये दोन काळे पट्टे. याला आम्ही ट्रिपल लाइन म्हणतो आणि चांगली ट्रिपल लाइन दिसली की स्कॅन रूममधल्या सिस्टरलाही कळतं, कारण मी खुर्चीत जरा मागे टेकते.

अंडं सुटल्यावर बनणारं दुसरं हॉर्मोन, प्रोजेस्टेरॉन, आलं की हे चित्र बदलतं. ग्रंथी वेटोळ्या होतात, त्यात स्राव भरतो, आजूबाजूच्या पेशींना सूज येते, म्हणजे लहरींना आदळायला हजार जागा तयार होतात आणि अस्तर कडेकडून आत पांढरं होत जातं, रेघा विरघळून जातात. हे पांढरं होणं वाईट अजिबात नाही, गर्भ रुजतो तो याच बदललेल्या अस्तरात. फक्त ते कधी झालं याला सगळं महत्त्व आहे.

कारण अस्तर कायम गर्भाला घ्यायला तयार नसतं. ओव्ह्युलेशननंतर, म्हणजे अंडं सुटल्यानंतर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास काही दिवस ते तयार असतं, त्याच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. पाच दिवस वाढवलेला भ्रूण, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, सोडायचा असेल तर अस्तरालाही पाच दिवसांचं प्रोजेस्टेरॉन मिळालेलं पाहिजे, म्हणून प्रोजेस्टेरॉन चालू केल्यापासून सहाव्या दिवशी ट्रान्सफर असा बहुतेक ठिकाणी हिशोब असतो. स्कॅन या सगळ्यात घड्याळ चालू करायचं काम करतं. अस्तर पुरेसं वाढलंय, रेघा स्वच्छ आहेत, पोकळी रिकामी आहे, चला, उद्यापासून प्रोजेस्टेरॉन. तिथून पुढचं सगळं मोजणीवर.

एक पेशंट आठवते. हॉर्मोनच्या गोळ्यांवरची सायकल होती, अस्तर ९.४ भरलं, तिने मॉनिटरवरचा आकडा स्वतःच वाचला आणि सुटकेचा श्वास सोडला. पण मला रेघा दिसत नव्हत्या. सगळं एकसारखं राखाडी-पांढरं. प्रोजेस्टेरॉन अजून दिलेलंच नव्हतं तर हे पांढरं झालं कशाने? प्रोब उजवीकडे वळवला, अंडाशयात एक जाड भिंतीची छोटी पोकळी, रक्तप्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर लावला तर तिच्याभोवती लाल-निळ्या रंगाचं पूर्ण कडं. कॉर्पस ल्युटियम. गोळ्या चालू असतानाही एक फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, दबलं नव्हतं, ते गुपचूप वाढलं, फुटलं, आणि आता स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवत होतं, कधीपासून ते कोणालाच सांगता येत नव्हतं. रक्त पाठवलं, प्रोजेस्टेरॉन वाढलेलं आलं, डॉक्टरांनी सायकल थांबवली. ती म्हणत होती, "पण मॅडम, नऊ आलंय ना, नऊ म्हणजे तर चांगलं ना?" आणि तिला हे समजावणं की आकडा चांगला आहे पण वेळ निघून गेलीये, हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. पुढच्या वेळी तिची नॅचरल सायकलच, म्हणजे गोळ्यांशिवाय तिच्या स्वतःच्या ओव्ह्युलेशनवरची, घ्यायचं ठरलं. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, कारण थांबण्याचा निर्णय त्या दिवशी बरोबरच होता, निकाल काहीही लागला असता तरी. म्हणून कोणीही अस्तर बघताना दोन्ही अंडाशयं बघितली नाहीत तर ते स्कॅन माझ्या लेखी अर्धंच झालं.

मला या विषयाचा इतिहास फार ओढून घेतो. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला लुईस ब्राउन जन्मली, जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिच्या आईला त्या सायकलमध्ये अंडी वाढवायची इंजेक्शनं दिलेलीच नव्हती. हे घडवून आणणाऱ्या एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी आधी इंजेक्शनं देऊन खूप प्रयत्न केले होते, त्यात पाळीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे अस्तर तयार होण्याचाच काळ, बिघडतो असं त्यांच्या लक्षात आलं आणि शेवटी ते नैसर्गिक सायकलमधल्या एका अंड्यावर आले. आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखर्जींनी तीच अडचण दुसऱ्या बाजूने सोडवली, इंजेक्शनं देऊन अंडी घेतली, भ्रूण गोठवला, आणि नंतरच्या एका शांत, इंजेक्शन नसलेल्या सायकलमध्ये तो आत सोडला. आज जगभर फ्रोझन ट्रान्सफर ज्या विचाराने करतात तो हाच विचार. त्यांच्या हयातीत त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं, आणि मान्यता मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. मला दर वेळी वाटतं की या माणसाला भ्रूणाइतकीच गर्भाशयाची काळजी होती. गोठवलेल्या भ्रूणाचं जगाने मान्य केलेलं पहिलं बाळ १९८४ मध्ये मेलबर्नला जन्मलं.

आणि त्याही आधी अस्तर बघायचं कसं, तर तुकडा काढून. १९५० मध्ये नॉयस, हर्टिग आणि रॉक यांनी अस्तराचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून तो पाळीच्या कितव्या दिवसाचा आहे हे ओळखायची पद्धत मांडली आणि कित्येक दशकं ती पाठ्यपुस्तक होती. पण ज्या अस्तरात भ्रूण ठेवायचाय त्याचाच तुकडा काढला तर तो महिना त्या कामाचा उरत नाही. इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोत पोटातल्या गाठी बघायला अल्ट्रासाउंड वापरलं आणि १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं, मग १९८० च्या दशकात योनीमार्गातून बघायचा प्रोब आला आणि अस्तर न दुखवता, न कापता, त्याच महिन्यात पुन्हा पुन्हा बघणं शक्य झालं. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हेच, की बघितल्यामुळे काही बिघडत नाही.

मग आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण मर्यादित. २०१४ मध्ये अस्तराच्या जाडीवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला, दहा हजारांवर सायकल्सचा, त्यात ७ मिमी किंवा त्याखाली अस्तर असलेल्या बायकांमध्ये गर्भ राहण्याचं प्रमाण साधारण २३ टक्के आणि वर असलेल्यांमध्ये साधारण ४८ टक्के निघालं. ऐकून धडकी भरते. पण त्याच लोकांनी असंही सांगितलं की फक्त जाडीवरून कोणाला गर्भ राहील आणि कोणाला नाही हे ओळखता येत नाही, आणि इतकं पातळ अस्तर मुळात फार थोड्या बायकांमध्ये होतं. हे मला रोज दिसतं. ज्यांना राहिलं त्यांचं अस्तर चांगलं होतं आणि ज्यांना नाही राहिलं त्यांच्यापैकी बहुतेकींचंही चांगलंच होतं. २०१८ मध्ये कॅनडातल्या ४० हजारांहून जास्त ट्रान्सफर्सचा अभ्यास आला, त्यात फ्रेश, म्हणजे न गोठवलेल्या भ्रूणाच्या, ट्रान्सफरमध्ये ८ च्या खाली आणि फ्रोझनमध्ये ७ च्या खाली प्रत्येक मिलिमीटरला बाळ जन्माला येण्याचं प्रमाण घसरत गेलेलं दिसतं, पण घसरणं म्हणजे शून्य होणं नव्हे, ५ आणि ६ मिलिमीटरवालीही बाळं त्यात आहेत. ७ ही कड्याची कडा नाही, उतार आहे. एखादीला ६.९ आलं म्हणून घरी पाठवायचं आणि दुसरीला ७.१ आलं म्हणून अभिनंदन करायचं याला मला काही आधार दिसत नाही.

उलट बाजूला बारा-तेरा मिलिमीटर आलं की काही जणी घाबरतात की जास्तच जाड झालं. नुसतं जाड आहे म्हणून घाबरायचं कारण नसतं, फक्त मी तेव्हा जरा जास्त वेळ थांबून बघते की ही जाडी सगळीकडे सारखी आहे ना, का मध्ये पॉलिप, अस्तराचा छोटा कोंब, लपलाय.

आणि इथे स्कॅनची खरी ताकद सुरू होते. पॉलिप असला की ट्रिपल लाइनमधली मधली रेघ एका जागी बाजूला सरकलेली दिसते, तिथे एक पांढुरका गोळा असतो, आणि कलर लावला की त्यात शिरणारी एकच बारीक रक्तवाहिनी दिसते. पोकळीत डोकावणारा फायब्रॉइड काळसर असतो आणि मागे सावली टाकतो. आत चिकटलेलं असेल, कुठल्याशा जुन्या क्युरेटिंगनंतर किंवा इन्फेक्शननंतर, तर रेघ मध्येच तुटते, काही जागी अस्तर आहे आणि काही जागी नाहीच. पोकळीचा आकार, मध्ये पडदा आहे का वगैरे, थ्रीडीमध्ये जितका स्वच्छ दिसतो तितका साध्या छेदात दिसत नाही. शंका असेल तर आधीच्या महिन्यात आत थोडं सलाइन सोडून बघतात, पाण्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर छोटासा पॉलिपही उठून दिसतो. हे सगळं सायकल सुरू व्हायच्या आधी झालेलं बरं, गोळ्यांच्या बाराव्या दिवशी पॉलिप सापडणं हे बाईवर फार अन्यायाचं आहे.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ते सगळ्यात सहज सुटतं. पोकळीत कधीकधी एक बारीक काळी रेघ दिसते, दोन अस्तरांच्या मध्ये, दीड-दोन मिलिमीटरची. अस्तर छान, दहाचं, आणि मध्ये ही रेघ. बरेचदा ती थोडा वेळच असते, दोन दिवसांनी बघितलं तर गेलेली असते. पण ती टिकून राहिली तर ती आली कुठून हे शोधलंच पाहिजे. एक तर ट्यूब, म्हणजे गर्भनलिका, सुजून पाण्याने भरलेली असते, हायड्रोसाल्पिंक्स, अंडाशयाच्या बाजूला वळलेली सॉसेजसारखी दिसते, आणि तिच्यातलं पाणी उलटं गर्भाशयात झिरपतं. हे पाणी भ्रूणाला मारक असतं, आणि ट्रान्सफरच्या आधी अशी ट्यूब काढली किंवा गर्भाशयापाशी बंद केली तर गर्भ राहण्याचं प्रमाण वाढतं, हे या क्षेत्रातल्या थोड्या पक्क्या गोष्टींपैकी एक आहे. दुसरं म्हणजे आधीचं सिझेरियन झालेलं असेल तर त्या टाक्यांच्या जागी कधीकधी खाच पडलेली असते, तिथे स्राव साठतो आणि वर सरकतो. दोन्हींत जाडीचा आकडा उत्तम असतो. ज्या रिपोर्टमध्ये नुसता आकडा लिहिलाय त्यात हे कुठे दिसणार?

अजून एक गोष्ट जी फोटोत कधीच येत नाही. अस्तर हलतं. प्रोब न हलवता, श्वास रोखल्यासारखं स्थिर धरून दोन-तीन मिनिटं बघत राहिलं, आणि मग ती क्लिप वेगाने पुढे पळवली, तर अस्तराखालच्या स्नायूत लाटा उठताना दिसतात. ओव्ह्युलेशनच्या सुमारास त्या ग्रीवेकडून वर जातात, शुक्राणूंना वर न्यायला मदत होईल अशा. प्रोजेस्टेरॉन मिळालं की हळूहळू गर्भाशय शांत व्हायला लागतं. ट्रान्सफरच्या वेळी लाटा जास्त असतील तर गर्भ राहण्याचं प्रमाण कमी दिसतं असं १९९८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं होतं. ज्यांचे चांगले भ्रूण सोडूनही पुन्हा पुन्हा अपयश आलंय त्यांच्यात मी मुद्दाम हे बघते, वेळ काढून बघते. रोजच्या गर्दीत प्रत्येकीसाठी जमत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

डॉपलरचं मात्र मी तितक्या उत्साहाने सांगणार नाही. अस्तरात रक्तवाहिन्या किती आतपर्यंत पोचल्यात त्यावरून झोन पाडतात, एक ते चार, मधल्या रेघेपर्यंत पोचल्या तर उत्तम. दिसायला छान दिसतं. पण मशीनचं सेटिंग जरा बदललं, स्केल खाली आणला, गेन वाढवला, की झोन दोनचा तीन होतो. रक्तपुरवठा महत्त्वाचा आहे यात वाद नाही, पण झोन कमी आला म्हणून ट्रान्सफर पुढे ढकलावी इतका पुरावा मला तरी दिसत नाही. मी लिहून ठेवते, त्यावर निर्णय सोडत नाही.

आणि अस्तर खरंच पेशींच्या पातळीवर तयार आहे का, त्याची ती छोटीशी वेळ कधी उघडते, हे अल्ट्रासाउंडला दिसतच नाही. त्यासाठी अस्तराचा तुकडा घेऊन त्यातल्या जीन्सची तपासणी करायची टेस्ट आली, तिच्यावर खूप आशा होत्या, पण २०२२ मध्ये जामा या जर्नलमध्ये एक मोठी चाचणी छापून आली, टेस्टप्रमाणे वेळ ठरवून ट्रान्सफर केलेल्या गटात बाळाच्या जन्माचं प्रमाण ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळेवर केलेल्या गटात ६१.९ टक्के, म्हणजे फायदा काहीच नाही. तेव्हा आजच्या घडीला आपल्याकडे नीट बघितलेलं स्कॅन, नीट मोजलेले दिवस आणि चांगला भ्रूण, एवढंच भांडवल आहे.

पातळ अस्तरवाल्या बायकांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. "माझं अस्तर चढतच नाही" हे वाक्य त्या अशा आवाजात म्हणतात की जणू त्यांनी परीक्षेचा अभ्यास केला नाही. काय खाऊ, किती झोपू, चालणं बंद करू का. बाई गं, तुझ्या झोपण्या-चालण्याने हे झालेलं नाही. कुठल्या क्युरेटिंगने तळाचा थर खरवडला गेलेला असतो, कधी क्षयरोगाने आतून नुकसान केलेलं असतं, कधी रेडिएशन, कधी क्लोमिफेनसारखं अंडी वाढवायचं औषध, कधी गोळी पोटातून नीट शोषलीच जात नाही, आणि काही जणींचं अस्तर जन्मजातच नाजूक, दर महिन्याला ६ ला थांबणारं. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे वेळ. इस्ट्रोजेन अजून काही दिवस चालू ठेवलं म्हणून अस्तराचं बिघडत नाही. गोळी योनीमार्गातून देऊन बघतात, पॅच लावतात, आणि ज्यांना स्वतःचं ओव्ह्युलेशन होतं त्यांची नॅचरल सायकल घेऊन बघतात, तिथे फॉलिकल सतरा-अठरा मिलिमीटरचं होईपर्यंत अस्तरही कधीकधी गोळ्यांपेक्षा छान येतं. नॅचरल सायकलचा अजून एक फायदा आता लक्षात आलाय, कॉर्पस ल्युटियम असलेल्या गरोदरपणात पुढे बीपी वाढण्याचा, प्रीक्लॅम्प्सियाचा धोका गोळ्यांच्या सायकलपेक्षा कमी दिसतो. बाकी पीआरपी (स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्स), सिल्डेनाफिल आणि जीसीएसएफ ही औषधं वगैरे करतात, काही जणींना वाटतं फायदा झाला, पण पुरावा अजून कच्चा आहे आणि ते तसं सांगूनच केलं पाहिजे. आणि सगळं करून अस्तर दर वेळी सहाच येत असेल, पण रेघा स्वच्छ असतील, पोकळी मोकळी असेल, तर सहावर ट्रान्सफर करणं हा हट्टीपणा नाही, तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. तिच्यासाठी सहा हेच तिचं चांगलं अस्तर आहे.

ट्रान्सफरच्या दिवशीचं स्कॅन वेगळं. तेव्हा लघवीची पिशवी भरलेली लागते, प्रोब पोटावर असतो, आणि मी मोजत काही नसते, वाट दाखवत असते. भ्रूण सोडायच्या बारीक नळीचं, कॅथेटरचं, टोक दोन पांढऱ्या रेघांसारखं आत सरकताना दिसतं, वरच्या टोकापासून दीड-एक सेंटीमीटर आधी थांबायचं, भिंतीला टोचायचं नाही, कारण टोचलं की गर्भाशय आकसतं. मग एक पांढरा ठिपका चमकून जातो. सगळ्या जणी त्या ठिपक्याला भ्रूण समजतात, नमस्कार करतात, नवरा फोटो काढतो. तो हवेचा बुडबुडा असतो, भ्रूणाच्या थेंबाबरोबर भरलेला, भ्रूण इतका छोटा की या मशीनला दिसूच शकत नाही. मी ते सांगते, पण सावकाश, ठिपका बघून झाल्यावर. आणि उठल्यावर, लघवीला गेल्यावर तो खाली पडेल ही भीती तर प्रत्येकीला असते. पडत नाही. तळहात एकमेकांवर आहेत, मध्ये मोकळी जागाच नाही. तासन्‌तास पडून राहिल्याने फायदा होतो असंही कुठे दिसलेलं नाही.

त्यामुळे स्कॅनला जाल तेव्हा आकडा जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे, पण त्याच्याबरोबर अजून चार गोष्टी विचारा. रेघा दिसतात का? आत पाणी आहे का? अंडाशयात एखादं फॉलिकल वाढलंय का किंवा फुटलंय का? ट्यूब सुजलेली दिसते का? आणि प्रोजेस्टेरॉन कितव्या तारखेला किती वाजता चालू करायचं ते लिहून घ्या, नवऱ्याच्या फोनमध्ये नको, स्वतःच्या फोनमध्ये, कारण तिथून पुढचे पाच दिवस त्या एका वेळेवर अवलंबून असतात. मी माझ्या रिपोर्टमध्ये आता या सगळ्याच्या ओळी आधीच छापून ठेवल्यात, रिकाम्या जागा भरल्याशिवाय मला सहीच करता येत नाही. ज्यांच्या सेंटरच्या रिपोर्टवर फक्त मिलिमीटर येतात त्यांनी स्कॅन करणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारावं, प्रोब काढायच्या आधी, म्हणजे राहिलं असेल तर लगेच बघता येतं.